वाचकांचे प्रश्न : शहराच्या गाभ्यात नवे बांधकाम कोणत्या वळणाचे असावे?

प्रश्न : आमच्या शहराच्या मध्यवर्ती भागात काही पडीक इमारती पाडून मोठा भूखंड मोकळा झाला आहे आणि तेथे निवासी व व्यापारी संकुल उभे राहणार आहे. त्यासाठी दोन आराखडे पुढे आले आहेत. एकात काच, पोलाद आणि सपाट गच्च्या आहेत. दुसऱ्यात उतरती छपरे, कमानी आणि दगडी दर्शनी भिंती. यावरून आमच्या रहिवासी मंडळात सरळ दोन तट पडले आहेत. जुन्या वळणाची इमारत आज बांधणे ही निव्वळ नक्कल आहे, असे एका गटाचे म्हणणे. तर काचेची इमारत जुन्या वस्तीत अगदी उपरी दिसेल, असे दुसऱ्याचे. आपण कोणत्या बाजूचे?

उत्तर : आपल्या पत्रावरून यांपैकी कोणत्याही आराखड्याच्या बाजूने मी हात वर करणार नाही, कारण आपण दोन्ही इमारतींच्या अंगावरच्या कपड्यांचे वर्णन केले आहे, अंगकाठीचे नाही. भूखंड एकसंध ठेवला आहे की त्याचे तुकडे पाडले आहेत, जुन्या गल्ल्या संकुलातून आरपार जातात की भिंतीपाशी संपतात, रस्त्याकडेने किती दारे उघडतात, यांविषयी पत्रात एक अक्षरही नाही. या बाबतींत दोन्ही आराखडे तुल्यबळ असतील, तर माझा कल आजच्या पद्धतीच्या, पण शेजाऱ्यांची उंची आणि रुंदी मानणाऱ्या इमारतीकडे आहे. तुल्यबळ नसतील, तर ज्याची अंगकाठी बरी तो आराखडा घ्यावा, मग त्याला कमानी असोत वा नसोत.

‘जुने’ हा शब्दही जरा जपून वापरावा. व्हिएन्नातील मिखाएलरप्लाट्झ या चौकात वास्तुरचनाकार आडोल्फ लोस यांनी बांधायला घेतलेल्या इमारतीवरून १९१० साली मोठा गदारोळ झाला. खालच्या भागाला संगमरवर आणि वर नक्षीचा मागमूसही नसलेला साधा गिलावा, अशी ती रचना होती. लोकांनी तिला ‘भुवया नसलेले घर’ म्हणून हिणवले, काम थांबवले गेले आणि अखेर खिडक्यांखाली फुलझाडांसाठी पेट्या बसवण्याच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. समोर सम्राटाचा राजवाडा असताना हे धाडस, हा खरा राग होता. गंमत अशी, की राजवाड्याची जी बाजू या चौकाकडे तोंड करून उभी आहे, ती पुरी झाली होती १८९३ मध्ये. आराखडा अठराव्या शतकातला, पण बांधकाम जेमतेम सतरा वर्षांचे. लोस यांची ती बोडकी इमारत आज संरक्षित वास्तू आहे.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण फ्रँकफुर्टचे आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. त्या शहराचा मध्ययुगीन गाभा १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत जळून गेला. पुढे कॅथेड्रल आणि जुने नगरभवन यांच्यामधल्या जागेवर महापालिकेच्या तांत्रिक विभागांसाठी काँक्रीटची एक अवाढव्य इमारत उभी राहिली, १९७४ साली. ती पाडायचे ठरल्यावर २००५ च्या स्पर्धेत आधुनिक वळणाचा आराखडा पहिला आला, आणि नागरिकांनी त्याविरुद्ध रान उठवले. दोनेक वर्षांच्या वादानंतर नगरसभेने छोट्या घरांच्या पुनर्रचनेचा मार्ग स्वीकारला. २०१८ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या वस्तीत एकूण ३५ इमारती आहेत. त्यांपैकी १५ जुन्या घरांच्या हुबेहूब प्रतिकृती आणि उरलेल्या २० नव्या रचनेच्या, मात्र त्यांनाही छपराचा उतार, दर्शनी बाजूची रुंदी अशा गोष्टींचे कडक नियम लावलेले. या सगळ्याखाली वाहनतळ आणि मेट्रो आहे, ही टीकाकारांची आवडती शेलकी बाब. तळघरात मोटारी लावून वर मध्ययुग मांडले आहे, असे ते म्हणतात. टीका अगदीच अनाठायी नाही. पण तेथल्या प्रतिकृती आणि नवी घरे शेजारी शेजारी उभी असूनही एकमेकांना खटकत नाहीत, आणि याचे कारण माझ्या मते शैलीत नसून जुन्या अरुंद भूखंडांचा माग धरून केलेल्या आखणीत आहे. पाच-सात मीटरांवर घर बदलते, दार बदलते, छपराची रेघ मोडते. हीच ३५ घरे एका सलग ठोकळ्यावर कमानी चिकटवून उभी केली असती, तर काँक्रीटच्या त्या जुन्या इमारतीचीच दगडी आवृत्ती झाली असती.

‘नक्कल’ म्हणणाऱ्या गटाकडे बहुधा १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आधार असेल. वास्तूचा नाहीसा झालेला भाग नव्याने भरताना तो मूळ रचनेशी मिळताजुळता असावा, तरीही मुळापासून वेगळा ओळखू यावा, असे ती सांगते. ते तत्त्व उत्तम आहे, पण ते स्मारकांच्या जतनासाठी आहे; रिकाम्या भूखंडावर काय बांधावे याचा निवाडा त्यातून निघत नाही. जुने ओळखू यावे म्हणून नव्याने शेजाऱ्याकडे पाठच फिरवली पाहिजे, असा अर्थ तर मुळीच नाही.

दोन्हींचा मेळ घालणारी इमारत होऊ शकते का, असे विचाराल, तर लंडनच्या नॅशनल गॅलरीचा विस्तार पाहावा. तेथल्या पहिल्या आधुनिक आराखड्याला राजपुत्र चार्ल्स यांनी १९८४ मधल्या भाषणात प्रिय मित्राच्या चेहऱ्यावरचे भयंकर गळू म्हटले आणि तो आराखडा बारगळला. पुढे रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांनी केलेला विस्तार १९९१ मध्ये खुला झाला. जुन्या इमारतीलगतच्या कोपऱ्यावर भिंतीतले अर्धस्तंभ दाटीवाटीने उभे आहेत आणि जसजसे आपण पुढे सरकतो तसतसे ते विरळ होत जातात. शेजाऱ्याची भाषा आधी मोठ्याने बोलून मग हळूहळू आवाज उतरवावा तसे. मला हा कोपरा आवडतो. आतले मात्र सगळे सर्वांना पटले नव्हते. ज्यांच्या देणगीतून हा विस्तार झाला त्यांपैकी जॉन सेन्सबरी यांनी १९९० साली एक चिठ्ठी लिहून प्रवेशदालनातल्या, कोणताही भार न पेलणाऱ्या एका खांबात ठेवून दिली होती. हे खोटे खांब ही वास्तुरचनाकाराची चूक आहे आणि ते काढण्याचे कोणीतरी ठरवले याचा आपल्याला आनंदच आहे, अशा आशयाची ती चिठ्ठी २०२३ मध्ये खांब पाडताना सापडली. आपल्या दुसऱ्या आराखड्यातील कमानी भार पेलतात की नुसत्या दिसतात, हे म्हणूनच विचारून ठेवावे.

प्रश्न : विकासक म्हणतो, की रस्त्यालगतच्या जुन्या इमारतीची दर्शनी भिंत आम्ही जशीच्या तशी राखू आणि तिच्यामागे चौदा मजले चढवू. यात दोन्ही पक्षांचे समाधान होईल असे वाटते का?

उत्तर : नाही. जुनी भिंत पोलादी टेकूंवर तोलून धरायची, मागचे सारे घर उपसून काढायचे आणि मग त्या भिंतीला नव्या सांगाड्याशी जखडायचे, हे काम किचकट आणि खर्चिक असते. तरीही ते केले जाते, कारण त्या बदल्यात मागे मोठे बांधकाम पदरात पडते. अशा ठिकाणी एकदा खिडक्यांकडे निरखून पाहावे. जुन्या मजल्यांची उंची नव्या मजल्यांहून बहुधा जास्त असते, त्यामुळे नव्या मजल्याची फरशी जुन्या खिडकीच्या मधूनच आडवी जाते आणि रात्री दिवे लागले, की एकाच खिडकीत वर एका घराचे पाय आणि खाली दुसऱ्या घराचे छत दिसते. मागचा नवा भाग पुरेसा मागे घेतला असेल, निदान पहिल्या दोन खोल्यांपर्यंतचा भाग मूळ भिंती-जिन्यांसकट राखला असेल आणि मजल्यांच्या पातळ्या जुळत असतील, तर विचार करावा. चौदा मजल्यांत हे जमेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा जुनी इमारत अख्खी दुरुस्त करून वापरावी, किंवा ती खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर प्रामाणिकपणे नवी बांधावी.

प्रश्न : पारंपरिक बांधकाम पर्यावरणाला अनुकूल आणि काचेचे प्रतिकूल, हा युक्तिवाद आम्ही हरकतींमध्ये मांडावा का?

उत्तर : मांडावा, पण इतका सरसकट नको. जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश आत घेतात आणि खोल बसवलेल्या खिडकीला स्वतःची सावली मिळते, हे खरे. परंतु आपल्या दुसऱ्या आराखड्यातल्या भिंती दगडी आहेत, की काँक्रीटच्या सांगाड्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या दगडी लाद्या चिकटवल्या आहेत, हे आधी पाहायला हवे. दुसरे असेल, तर तो युक्तिवाद तेथेच गळून पडतो. काचेबद्दलचा आक्षेपही दिशा आणि आकार पाहून घ्यावा. लंडनच्या फेंचर्च स्ट्रीटवरील मनोऱ्याची काचेची बाजू अंतर्वक्र असल्यामुळे २०१३ च्या उन्हाळ्यात तिने सूर्यकिरण रस्त्यावर एकवटले आणि खाली उभ्या मोटारीचे काही भाग वितळले. शेवटी त्या बाजूवर ऊन अडवणारी आडवी पाती बसवावी लागली. तो दोष काचेचा कमी आणि आकाराचा जास्त होता.

हरकती लिहिताना एक मोजमाप मात्र जरूर जोडावे. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांच्या वर्गवारीत रस्त्याच्या १०० मीटर लांबीत १५ ते २० दारे असतील, तर ती बाजू जिवंत मानतात. दोनच्या खाली आली तर मृतवत. साधारण चालीने दर चार-पाच सेकंदांना एक नवे दार, असा हा हिशेब पडतो. दोन्ही आराखड्यांच्या तळमजल्याचे नकाशे मागवून घ्यावेत, त्यांत वाहनतळाचे आणि सामानाचे दरवाजे सोडून उरलेली दारे मोजावीत, आणि मग मंडळाची पुढची बैठक बोलवावी.