लेन्स दुबईची, बिल बर्डीचं?

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. नागपूरच्या प्रतापनगरात छोटा स्टुडिओ आहे, जीएसटी नोंदणी आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, बायकोसोबत दुबईला गेलो होतो. तिथे ७०-२०० ची एफ २.८ लेन्स ७,३५० दिरहमला मिळाली, निघताना व्हॅटचा परतावाही घेतला. इथे तीच लेन्स २ लाख ४० हजारांना सांगत होते. दुकानदाराच्या सल्ल्याने खोकं तिथेच टाकलं, लेन्स कॅमेऱ्याला लावली. नागपूरचं विमान पकडण्याआधी ज्या विमानतळावर उतरलो, तिथे ग्रीन चॅनेलमधून (ड्यूटीची वस्तू सोबत नसलेल्यांच्या वाटेने) निघालो आणि अडवलं गेलो. आधी ‘जुनी आहे, नागपुरात घेतली’ म्हणालो, पण मोबाइलमध्ये बिलाचा फोटो सापडला. मग जबाबात सगळं खरं लिहून दिलं. एका छापील कागदावर सही घेतली, लेन्स ठेवून घेतली, पावती दिली. आता २०२५ चा ऑगस्ट उजाडला, पुढे एकही कागद आलेला नाही. बर्डीवरचा, म्हणजे सीताबर्डी बाजारातला, ओळखीचा दुकानदार मागच्या तारखेचं बिल द्यायला तयार आहे. मित्र म्हणतो, ‘जबाब दबावाखाली दिला म्हण आणि ते बिल लाव.’ नवरा-बायकोची सूट मिळून एक लाख होते ना? आणि वापरलेल्या वस्तूला ड्यूटी नसते ना? डिसेंबरात बँकॉकला एका लग्नाचं काम आहे, तेव्हा माझा कॅमेरा सोबत न्यायचीही भीती वाटते.

उत्तर : आधी बर्डीच्या बिलाचं बोलू. बाकी सगळं निस्तरता येईल, पण ते बिल एकदा फायलीत गेलं की कुठलाच वकील ते बाहेर काढू शकणार नाही. आज तुमच्यावर आरोप काय, तर ड्यूटी लागणारी वस्तू न सांगता नेत होता. खोटं बिल जोडलंत की सीमाशुल्क कायदा, १९६२ चं कलम ११४एए लागतं आणि दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे ती वेगळीच.

बरं, ते बिल टिकेल तरी का? लेन्सवर सीरियल नंबर असतो आणि तो तुमच्या पावतीतही लिहिलेला असणार. तोच नंबर बर्डीच्या बिलावर टाकावा लागेल, आणि ती लेन्स त्या दुकानात कधी आलीच नव्हती. तुम्ही नोंदणीकृत आहात, म्हणजे दुकानदाराने खरंच बिल फाडलं असतं तर ते त्या महिन्याच्या तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, दिसलं असतं. दुबईत व्हॅटचा परतावा तुमच्या पासपोर्टवर नोंदला गेला आहे. शिवाय तुमचाच सहीचा जबाब सांगतो की लेन्स दुबईची आहे. माल न देता बिल दिलं म्हणून दुकानदारावर जीएसटीची कारवाई होईल ती वेगळी. त्याला चहा पाजा आणि विषय संपवा.

जबाबही मागे घेऊ नका. दबावाखाली घेतलेला जबाब मागे घेता येतो, पण लगेच आणि खरोखर दबाव असेल तर. नऊ महिन्यांनी, तेही खरं सांगणारा जबाब, मागे घेण्यात काय हशील? दारात बोललेलं खोटं तुमच्या विरोधात जातं, तर काही वेळाने लिहून दिलेलं खरं तुमच्या बाजूने. ते तसंच राहू द्या.

आता तुमच्या बाजूचं. त्या छापील कागदावर बहुधा असा मजकूर असेल की मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको. कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणं ऐकल्याशिवाय माल सरकारजमा करता येत नाही. प्रवाशाने विनंती केली तर नोटीस तोंडी चालते, एवढीच सवलत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीलाच स्पष्ट केलं की अशा छापील नमुन्यावरची सही म्हणजे नोटिशीचा हक्क सोडणं नव्हे. लेन्स दिल्लीबाहेर अडवली असेल तर दिल्लीचा निकाल तिथे बंधनकारक नाही, पण त्याचं वजन आहे आणि तो तुमच्या अर्जात आलाच पाहिजे.

दुसरा मुद्दा याहून पक्का आहे. कलम ११०(२) नुसार माल ताब्यात घेतल्यापासून सहा महिन्यांत नोटीस दिली नाही तर माल परत करावा लागतो. आयुक्त ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात, पण कारणं लिहून, आणि पहिली मुदत संपायच्या आत तुम्हाला कळवून. नोव्हेंबर २०२४ पासूनचे सहा महिने मे २०२५ मध्येच संपले. पत्ता बदलला होता का, शेजाऱ्याने टपाल घेतलं का, ईमेल स्पॅममध्ये गेली का, हे आधी नीट तपासा. खरंच काही आलं नसेल तर लेन्स परत मागण्याचा तुमचा हक्क तयार झालेला आहे. ‘आम्ही जप्त नाही केली, फक्त अडकवून ठेवली’ असं उत्तर येईल. वस्तू तुमच्या हातातून जाऊन नऊ महिने झाले, तेव्हा शब्द कुठलाही वापरला तरी मुदत चुकत नाही, असं तुम्ही म्हणायचं. मात्र लेन्स परत मिळाली म्हणजे प्रकरण मिटलं असं नाही. त्यानंतरही नोटीस येऊ शकते आणि दंड, ड्यूटीचा प्रश्न उभा राहतो.

म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टाने आणि ईमेलने अर्ज पाठवा. पावतीवर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे त्यालाच पाठवा, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कस्टम्स कार्यालयात हेलपाटे घालून उपयोग नाही. पावतीची, दुबईच्या बिलाची, कार्डाच्या स्टेटमेंटची आणि परताव्याच्या कागदाची प्रत जोडा. छापील कागदाची आणि जबाबाची प्रत मागा. काही आदेश झाला असेल तर त्याचीही मागा, कारण आदेश हाती आल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जावं लागतं. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागा, तिकिटाचा खर्च वाचेल. उत्तरच आलं नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका. पण तुम्ही नागपूरला राहता एवढ्यावर नागपूर खंडपीठ ते ऐकेल असं धरू नका. माल जिथे अडवला ते ठिकाण महत्त्वाचं ठरतं.

पैसे किती लागतील? तुम्ही उतरलात त्या दिवशी बॅगेज नियम, २०१६ लागू होते. तेव्हा माणशी ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती आणि वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्यूटी, त्यावर अधिभार धरून ३८.५ टक्के. किंमत बिलाची धरायला लावा, नेटवर दिसणारी भारतातली नव्हे. ७,३५० मधला ५ टक्के व्हॅट वजा केला की ७,००० दिरहम. २३ रुपयांच्या आसपास धरले तर १,६१,००० होतात. सूट वजा करून १,११,००० वर ड्यूटी ४२,७३५. नेटवरची २,४०,००० धरली आणि सूट नाकारली तर हीच ड्यूटी ९२,४०० होते. ग्रीन चॅनेलमधून निघालेल्याला सूट मिळेलच असं मी सांगत नाही, पण मागितल्याशिवाय तर मिळणारच नाही.

लेन्स ही आयातीला बंदी असलेली वस्तू नाही. त्यामुळे ती सरकारजमा केली तरी कलम १२५ खाली दंड भरून सोडवण्याचा पर्याय द्यावाच लागतो. तो आदेश मिळाला की १२० दिवसांत पैसे भरा, नाहीतर पर्याय रद्द होतो. कलम ११२ चा वेगळा दंड साध्या ड्यूटीच्या मालाला चुकवलेल्या ड्यूटीच्या १० टक्के किंवा ५,००० रुपये, यांतला जो जास्त असेल त्याच्या आत राहतो. ‘जाहीर केली नाही म्हणजे निषिद्ध माल’ असा युक्तिवाद कधी कधी खात्याकडून होतो, त्याला लेखी विरोध करा. आणि तुरुंगाची धास्ती सोडा. बॅगेजच्या प्रकरणांत अटक आणि खटल्यासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या २०२२ च्या सूचनांमध्ये ५० लाखांची पातळी ठेवली आहे.

नवरा-बायकोची सूट एकत्र होत नाही, त्या २०१६ च्या नियमांतच तसं लिहिलं होतं. वहिनींच्या पर्समध्ये ठेवली असती तरी एका लेन्सवर दोन सुटी मिळाल्या नसत्या. ‘वापरलेली’ म्हणाल, तर नियमातले वैयक्तिक सामान म्हणजे रोजच्या गरजेच्या वस्तू. बुर्ज खलिफाचे फोटो काढून दीड लाखाची लेन्स टूथब्रशच्या रांगेत बसत नाही.

एक हिशेब मात्र तुम्ही जाण्याआधीच करायला हवा होता. इथल्या २,४०,००० मध्ये १८ टक्के जीएसटी म्हणजे ३६,६१० रुपये आहे. तो तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून तुमच्याच बिलांवरच्या करातून वळता करता येतो. म्हणजे खरी किंमत २,०३,३९०. दुबईत परतावा व्हॅटच्या ८५ टक्केच आणि त्यातूनही ४.८० दिरहम शुल्क जातं, म्हणजे ३५० पैकी सुमारे २९३ दिरहम हाती आले. लेन्स पडली १,६२,३०० च्या घरात, ड्यूटी धरून २,०५,०००. बॅगेजवर भरलेल्या या ड्यूटीचं क्रेडिट नाही. कायदेशीर वाटेने ती लेन्स तुम्हाला दीडेक हजाराने महागच पडत होती. स्वस्त होती ती फक्त न सांगता आणली तर. जीएसटी नोंदणी नसलेल्या हौशी माणसाचा हिशेब वेगळा येईल, त्याला रेड चॅनेलमधून, म्हणजे वस्तू जाहीर करून, ड्यूटी भरूनही ३५ हजारांच्या आसपास वाचले असते.

बँकॉकला कॅमेरा खुशाल न्या. जाताना, जिथे इमिग्रेशन होतं त्या विमानतळावर, कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यात बॉडी, लेन्स, फ्लॅश सगळ्यांचे सीरियल नंबर येऊ द्या. अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहतात, म्हणून सामान चेक-इन करण्याआधी हे उरकायचं आणि त्यासाठी तासभर हाताशी ठेवायचा. मूळ बिलांच्या प्रती सोबत असू द्या. परतताना ते सर्टिफिकेट दाखवलं की जुन्या सामानावर वाद राहत नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाला काम करायला परवाना लागतो, तो विषय वेगळा. पण विसा कुठला काढायचा हे लग्नघराच्या आयोजकांकडून आत्ताच लेखी घ्या.