प्रीमियरमधला ऑडिओ प्रो टूल्समध्ये पाठवून मिक्स परत आणताना सिंक का सुटतो?

तुमची २५ मिनिटांची डॉक्युमेंटरी आहे, २५ एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून प्रो टूल्स या ऑडिओ सॉफ्टवेअरसाठी ओएमएफ (एडिट केलेला ऑडिओ दुसऱ्या सॉफ्टवेअरला देणारी फाइल) पाठवली, काही क्लिप गायब झाल्या आणि परत आलेला मिक्स शेवटी-शेवटी ओठांशी जुळत नाही. या दोन वेगळ्या अडचणी आहेत.

आधी पाठवणी. ओएमएफ सोडा, त्याच कामाचा नवा फाइल प्रकार एएएफ वापरा. ऑडिओ आतच भरला तर ओएमएफला २ जीबीची मर्यादा आहे, आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. एक्सपोर्ट करण्यापूर्वी सीक्वेन्सची, म्हणजे टाइमलाइनवरच्या एडिटची, कॉपी काढा. त्या कॉपीत मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांची एकत्र क्लिप) फ्लॅटन करून साध्या क्लिप करा, नेस्ट (सीक्वेन्सच्या आत ठेवलेला सीक्वेन्स) उघडा, एमपी३ गाणी ४८ किलोहर्ट्‌झ वेव्हमध्ये बदलून घ्या. क्लिप गायब होतात त्या बहुतेक इथेच. संवाद, लोकेशनचा आवाज, इफेक्ट आणि संगीत वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवा, नाहीतर मिक्स करणाऱ्याचे पहिले काही तास निवडानिवडीतच जातात.

एक्सपोर्टच्या खिडकीत ऑडिओ वेगळ्या फाइल्समध्ये ठेवा, ट्रिम निवडा आणि हँडल १०० फ्रेम द्या, म्हणजे प्रत्येक क्लिपच्या दोन्ही बाजूंना ४ सेकंद जास्तीचे मिळतात. हँडल नसतील तर क्रॉसफेड (एक आवाज विरवत दुसरा चढवणं) करायला जागाच उरत नाही. क्लिपवरचे इफेक्ट रेंडर करू नका. ईक्यू (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करणं) आणि नॉइज रिडक्शन एकदा आवाजात मुरलं की निघत नाही.

आता सिंक. सीक्वेन्स ००:५९:५०:०० या टाइमकोडला (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) सुरू करा, फिल्मची पहिली फ्रेम ०१:००:००:०० वर ठेवा. ००:५९:५८:०० ला एका फ्रेमचा १ किलोहर्ट्‌झ टोन टाका, हाच टू-पॉप. चित्रातही नेमक्या त्याच फ्रेमला पांढरा फ्लॅश ठेवा. शेवटच्या फ्रेमनंतर २ सेकंदांनी असाच दुसरा पॉप द्या. तो बरेच जण टाळतात, पण निदान त्यावरच होतं. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून बघा: २५ एफपीएसला तो टोन ४० मिलिसेकंदांचा ठोकळा दिसतो आणि फ्लॅशच्या फ्रेममध्ये कडेला कड लावून बसायला हवा.

दोन्ही पॉप सारखेच सरकलेले असतील तर फक्त सुरुवात चुकली आहे. फाइल सरकवा, काम झालं. पहिला जुळतो आणि शेवटचा नाही, तर वेगच बदललाय. २५ मिनिटांत दीड सेकंदाचा फरक दिसला तर कुठेतरी २३.९७६ आणि २४ एफपीएसची गल्लत आहे. दोन्ही पॉप जुळतात आणि मध्येच एखादी मुलाखत सुटते, तर मोबाइलवर शूट केलेल्या व्हेरिएबल फ्रेम रेटच्या, म्हणजे फ्रेमचा वेग मध्येच बदलणाऱ्या, क्लिपवर संशय घ्या. ती एडिटच्या आधीच हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटला बदलून घ्यायची असते. मिक्स ताणून जुळवू नका, मी तरी कधीच करत नाही. एक जागा जुळते आणि दुसरी सुटते.

प्रो टूल्सचं सेशन ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, २५ एफपीएस आणि सुरुवात ००:५९:५०:०० अशी ठेवायला सांगा. इम्पोर्ट सेशन डेटामधून एएएफ घेताना मीडिया कॉपी करायचा. सोबत चित्रावर टाइमकोड छापलेली प्रोरेस प्रॉक्सी (पाहण्यापुरती हलकी व्हिडिओ फाइल) द्या, एच.२६४ वर फ्रेम-फ्रेम पुढे सरकताना फार अडखळायला होतं.

परत मागवताना पूर्ण मिक्स आणि संवाद, संगीत, इफेक्टचे स्टेम (प्रत्येकाची वेगळी मिक्स फाइल) घ्या, सगळे वेव्ह, सगळे ००:५९:५० पासून शेवटच्या पॉपपलीकडे एकाच लांबीचे. मास्टरवर लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारा इफेक्ट) असेल तर स्टेमची बेरीज मिक्सइतकी येत नाही, हे आधीच बोलून घ्या. प्रीमियरमध्ये फाइल सीक्वेन्सच्या अगदी सुरुवातीला टाका, जुने ट्रॅक म्यूट करा, पुसू नका. पॉप तपासून झाल्यावरच पुढचा-मागचा काळा भाग कापा.