रेससाठी पहिलं शिंगरू घेताय? आधी आईकडचं बघा

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये बापाचं मोठं नाव दिसलं की लगेच बोली लावू नकोस रे. नावाजलेल्या स्टॅलियनची (पैदाशीच्या घोड्याची) एका सीझनला शंभरावर शिंगरं होतात, सगळी थोडीच पळणारेत, म्हणून आई नि तिच्या आधीच्या शिंगरांनी ट्रॅकवर काय केलंय ते बघ. मग समोरून, मागून चालवून बघ, पाय सरळ पडतात का, आणि व्हेटने एक्सरे नि घशाचा स्कोप (कॅमेऱ्याने आतून तपासणी) बघितल्याशिवाय हात वर करायचा नाही. किमतीला तर अजिबात भुलू नको, द ग्रीन मंकी नावाचा घोडा २००६ ला १ कोटी ६० लाख डॉलरला गेला आणि एकही रेस जिंकला नाही, नि सिएटल स्लू १७,५०० डॉलरला मिळालेला, त्याने १९७७ ला ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या रेस, मारला! आणि हो, ट्रेनिंगचा वर्षभराचा खर्च आधीच बाजूला काढ.