कर्जाचं नंतर, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका ताई लिहितात: वय 33, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ) दिसली. डॉक्टरांनी लॅपरोस्कोपी (पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने ऑपरेशन) आणि त्याच वेळी हिस्टेरोस्कोपी (गर्भाशयाची आतून दुर्बिणीने तपासणी) सुचवली, खर्च सव्वा लाख. दोन लाखांची एफडी मोडावी की पर्सनल लोन काढावं? महिन्याला सहा हजार शिल्लक राहतात. ओळखीच्या एजंटकडून पंधरा दिवसांपूर्वी 32,000 रुपयांची 'मॅटर्निटीवाली' आरोग्य पॉलिसी घेतली आहे. 'फॉर्ममध्ये सिस्टचं लिहू नका, दोन महिन्यांनी ऑपरेशन केलं की पैसे मिळतील' असं तो म्हणाला. ऑफिसची तीन लाखांची ग्रुप पॉलिसी आहे, पण त्यात हे बसत नाही असं ऐकलंय.

ताई, एजंटने तुम्हाला सरळ खोटं सांगितलं आहे. सिस्ट पॉलिसीच्या आधीची आहे. प्रामाणिकपणे लिहिली असती तरी अशा आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. लपवल्यावर तर दोन महिन्यांतल्या दाव्यात जुनी सोनोग्राफी निघणारच. कंपनी दावा नाकारेल, पॉलिसीही रद्द करू शकेल, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते सांगावं लागेल. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांचा फ्री-लूक काळ, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत, असते. आजच लेखी कळवून ती परत करा. किरकोळ कपात होऊन बहुतेक सगळे पैसे मिळतील. नवी पॉलिसी जरूर घ्या, पण सगळे रिपोर्ट जोडून.

आता ऐकीव गोष्टीवर सोडून दिलेली ग्रुप पॉलिसी. वंध्यत्वावरचे उपचार, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) वगैरे, बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात, हे खरं. पण चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), हा स्वतंत्र आजार आहे. पाळीत वेदना होत असतील तर तो मूल हवं असो-नसो उपचार मागतो. अनेक ग्रुप पॉलिसींत आधीच्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. एचआरकडून अटींची प्रत मागा आणि ऑपरेशनआधी टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) कॅशलेस मंजुरीचा अर्ज टाका. डॉक्टरांनी कागदावर जे खरं तेच लिहावं, कारण बदलून मागू नका. मंजुरी मिळाली तर कर्जाचा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या पत्रात यजमानांच्या तपासणीचा एक शब्द नाही. वीर्यतपासणी हजार-दीड हजारात होते, ती सव्वा लाखाच्या आधी व्हायला हवी. तुमची एएमएच, म्हणजे बीजांडांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, हीही करून घ्या: सिस्ट काढताना बीजांडांचा साठा घटू शकतो. त्या रिपोर्टवर डॉक्टरांना थेट विचारा, 'ऑपरेशननंतरही आयव्हीएफ लागण्याची शक्यता किती?' आयव्हीएफच्या एका सायकलला (एका प्रयत्नाला) दीड-दोन लाख सहज जातात. 'ऑपरेशन झालं की दिवस राहतीलच' या भरवशावर सगळी पुंजी एकदम संपवू नका.

मंजुरी नाहीच मिळाली तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल) घ्या. ठेव सात टक्क्यांची असेल तर तो साधारण आठने मिळतो. महिन्याला सहा हजार भरलेत तर पावणेदोन-दोन वर्षांत सव्वा लाख फिटतील. व्याज नऊ-दहा हजार, आणि ठेवीचं व्याज चालूच. पर्सनल लोन 14 टक्क्यांनी तीन वर्षांचं घेतलंत तर व्याजच 29,000 च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. ते नकोच.