'दृक्प्रत्ययवाद' की 'प्रभाववाद'?

कलेतिहास शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: इम्प्रेशनिझम या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रशैलीला कुठे 'दृक्प्रत्ययवाद' म्हटलेलं दिसतं, कुठे 'प्रभाववाद'. बरोबर कोणता?

माझं मत दृक्प्रत्ययवादाला. मराठी विश्वकोशानेही तोच घेतला आहे. 'प्रभाववाद' हिंदीत चांगला रुळलाय, पण मराठीत प्रभाव म्हटलं की 'कोणाचा, कोणावर?' हे आधी मनात येतं. 'प्रभाववादावर जपानी छापचित्रांचा प्रभाव' असं एकदा लिहून बघा, म्हणजे अडचण कळेल.

मूळ शब्द थट्टेतून आलाय. क्लोद मोनेने ल आव्र बंदरातली सकाळ रंगवली आणि १८७४च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात ते चित्र 'इम्प्रेशन, उगवता सूर्य' या नावाने मांडलं. लुई लरुआ या समीक्षकाने 'ल शारिव्हारी' या विनोदी पत्रात त्यातल्या 'इम्प्रेशन' याच शब्दावरून प्रदर्शनातल्या सगळ्या चित्रकारांची टर उडवली. भिंतीला लावायचा कागद कच्चा असतानाही याहून पुरा दिसतो, म्हणे! १८७७च्या तिसऱ्या प्रदर्शनात चित्रकारांनी तेच नाव स्वतःला लावून घेतलं. त्यांच्यातल्याच एदगार देगा या चित्रकाराला मात्र ते कधी रुचलं नाही.

आता 'प्रत्यय'. प्रत्यय येतो तो स्वतःला, सांगोवांगीचा नसतो. मोनेच्या त्या चित्राचा फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून पाहा. नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो! त्याचा उजळपणा भोवतालच्या करड्या आभाळाएवढाच आहे, फरक आहे तो फक्त रंगाचा. सूर्य आभाळापेक्षा उजळ असतो हे आपल्याला माहीत असतं. मोनेने माहिती बाजूला ठेवून डोळ्याला आलेला प्रत्यय रंगवला. म्हणून 'दृक्' हवंच.

तक्रार एकच. मूळ शब्दातला हलकेपणा आपल्या जडजंबाल संस्कृतात उरत नाही. 'ठसावाद' म्हणून पाहिलं, पण तलाठ्यासमोर अंगठा उमटवल्यासारखं वाटलं. सोडून दिलं.

लिहिताना 'क्' पायमोडका. दृक् + गोचर याचं 'दृग्गोचर' होतं, पण इथे पुढे 'प' असल्याने क् तसाच राहतो. 'दृश्यप्रत्ययवाद' चूक. आणि 'अभिव्यक्तिवाद' म्हणजे एक्स्प्रेशनिझम, तो नंतरचा आणि मुख्यतः जर्मनीतला. घाईघाईत या दोघांची अदलाबदल करू नका.