निकालपत्र वाचायचं कसं?

कायद्याच्या पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ जातो तो निकालपत्रांत. सुरुवातीची शीर्षटीप वाद कशाचा हे कळण्यापुरतीच बघा. तो संपादकाचा सारांश असतो, कायदा नव्हे. पुढे मूळ निकालच वाचा.

टिपण एका पानात बसवा: तथ्यं, कायद्याचा प्रश्न एका वाक्यात, निर्णय आणि त्यामागचं कारण. घोळ कारणाशी होतो. १९३२ चा डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा ब्रिटिश खटला घ्या: बाटलीतलं पेय पिऊन आजारी पडल्याचं सांगत एका बाईने ते बनवणाऱ्यावर दावा केला होता. बाटलीतली गोगलगाय सगळ्यांना आठवते (ती खरंच होती का, हे कधी सिद्धच झालं नाही!). पण करार नसतानाही उत्पादकावर ग्राहकाप्रती काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, हे लिहायचंच राहून जातं. त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांचं ‘शेजारी’ तत्त्व (आपल्या वागण्याची झळ ज्यांना बसेल हे आधी लक्षात यायला हवं, त्यांच्याबाबत काळजी घ्या) त्याहून व्यापक आहे, ते वेगळं नोंदवा. निकाल ३ विरुद्ध २ असा होता; म्हणून उतारा बहुमतातल्या न्यायाधीशाचाच आहे ना, हे तपासल्याशिवाय उत्तरात घालू नका.

परीक्षेतल्या प्रसंगाधारित प्रश्नात नियम थोडक्यात मांडा आणि निम्म्याहून जास्त जागा तो दिलेल्या तथ्यांना लावण्यात घालवा. नुसती खटल्यांची नावं ओतली तर गुण मिळत नाहीत. एखादं तथ्य दोन्ही बाजूंना झुकत असेल, तर दोन्ही बाजू मांडून कोणती सरस ते स्पष्ट लिहा.