चक्रीवादळ येऊन गेल्यावर समुद्रातलं वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारे, वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव) खरंच वाढतं का?

हो, अनेकदा वाढतं, पण वादळ सरकल्यानंतर काही दिवसांनी. वारा वरचं कोमट पाणी घुसळून बाजूला लोटतो आणि खालचं थंड, नायट्रेटने (प्लवकाच्या पोषकद्रव्याने) समृद्ध पाणी वर येतं. ढग पांगून ऊन मिळालं की प्लवक झपाट्याने फोफावतं. जुलै २००० मध्ये दक्षिण चीन समुद्रात काई-टाक वादळ रेंगाळलं, तेव्हा उपग्रहांच्या नोंदींत पृष्ठभागाचं तापमान सुमारे ९ अंश सेल्सिअसने उतरलेलं आणि हरितद्रव्य (ज्यावरून प्लवक किती आहे ते कळतं) सुमारे ३० पट वाढलेलं दिसलं. ते रेंगाळलं हेच महत्त्वाचं. भरधाव निघून जाणारं वादळ पाणी इतकं ढवळत नाही. बंगालच्या उपसागरात मात्र पावसाळ्यानंतर नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर पसरलेला असतो आणि तो खालचं पाणी सहज वर येऊ देत नाही, त्यामुळे तिथे हा परिणाम बरेचदा फिका पडतो.